साक्षीदार ‘अ’चे नाव

मी, सावळीराम बुधा दोंदे, वय ७१, गावच्या पाणीपुरवठ्याचा निवृत्त पंपचालक, तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, असे यात घालावे लागते. पूर्वी एका कागदावर मी असेच लिहून दिले होते आणि ते खोटे होते.

१. टपाल खात्यातील शिल्लक माझी मुलगी हर्षाली हिला. घर तिला का नाही, ते तिने पुढे वाचावे आणि रागवायचे तर बापावर रागवावे.

२. पाइपाचे पाने नवा पंपचालक समाधान याला. तो नटावर हातोडी मारतो. मारू नये.

३. घर शेजारच्या धम्मपाल पुंजाराम पगारे याला. कारखान्याचे घाण पाणी आमच्या विहिरीत उतरले, तेव्हा त्याने गाव गोळा करून फाटकासमोर बसवले. मग कारखान्याचा मॅनेजर माझ्याकडे आला. तुझ्या घराची नोंद कच्ची आहे, आठवड्यात पाडायला लावीन, म्हणाला. धम्मपाल लोकांना धमकावतो, अशा जबाबावर मी सही केली. खात्री करायला आलेल्या पोलीस साहेबांनी विचारले, मनाने सांगता ना? मी हो म्हणालो. मॅनेजर बाहेर गाडीत बसला होता.

जबाबात माझे नाव नव्हते. नुसते गोपनीय साक्षीदार ‘अ’. धम्मपाल दोन वर्षांसाठी जिल्ह्यातून तडीपार झाला. तो उच्च न्यायालयात गेला. निकाल त्याच्या वकील वेदिकाताईंनी त्याची आई सुमनबाई यांच्या ओट्यावर बसून समजावला. कुठेही राहण्या-फिरण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे, पण सार्वजनिक शांतताही जपावी लागते; साक्षीदार भीतीपोटी उघड बोलत नसेल, तर त्याचे नाव झाकावे लागते; इथे ‘अ’ची भीती खरी दिसते, म्हणून तडीपारी कायम. मी तिथेच बसलो होतो. भीती खरीच होती. फक्त ती धम्मपालची नव्हती.

तेव्हापासून दारात गाडी थांबली की मी आतून कडी लावतो. त्याहून जास्त भीती सुमनबाईंची वाटते. माझी बायको गेल्यापासून त्याच मला रोज भाकरी आणून देतात.

४. हे कलम आज दुपारी वाढवले. साक्षीदार म्हणून सही करण्याआधी सुमनबाईंनी मला सगळे वाचून दाखवायला लावले.

मग म्हणाल्या, “हे तुमी मेल्यावर उघडायचं ना, भाऊ? तवर माझं पोरगं बाहेरच राहू द्यायचं?”

मी म्हणालो, “मला लय भ्या वाटतं, वहिनी.”

“मलाबी वाटतं. उठा.”

आम्ही बसने नाशिकला वेदिकाताईंच्या कचेरीत आलो. तिथे मी माझ्या नावानिशी प्रतिज्ञापत्र केले. त्यात सगळे आले, मॅनेजरसुद्धा. न्यायालय ते मानेल की माझ्यावरच खोट्या जबाबाचा गुन्हा लागेल, हे ताई सांगू शकल्या नाहीत. गावात संध्याकाळपर्यंत कळेलच. म्हणून एवढे आणखी लिहितो: मी मरेन तेव्हा घर उभे नसले, तर कलम ३ मधील घर म्हणजे त्याचे पत्रे, विटा आणि त्याखालच्या जागेवर जो काही हक्क निघेल तो, असे समजावे.

सही: सावळीराम बुधा दोंदे

आमच्यादेखत सही केली:
१. सुमनबाई पुंजाराम पगारे
२. ॲड. वेदिका निकम

स्थळ: नाशिक
दिनांक: १८ जून २०२५