पाचव्या दिवशीची सोनोग्राफी

प्रिय शालन,

तुला जाऊन दीड वर्ष झालं. मनात रोज बोलतो तुझ्याशी, कागदावर कधी लिहिलं नव्हतं. पण आज दवाखान्यात एक गोष्ट कानावर पडली. ती तुला सोडून कुणाला सांगू?

बीपी दाखवायला गेलतो. शेजारच्या खोलीत डॉक्टरीणबाई एका पोरीवर तडकल्या होत्या, "सिझरच्या टाक्याजवळची गाठ पाळीत फुगते ना? मग पाळीतच ये की! नंतर येऊन मला काय दिसणार?" माझे कान तुला ठाऊकच आहेत, पंपाचं बेअरिंग गेलेलं मी रस्त्यावरून ओळखतो. ती पोरगी बाहेर पडताच मी आत शिरलो.

बाईंनी नीट समजावलं. सिझरच्या वेळी कधीकधी गर्भाशयाच्या अस्तराचा कण पोटाच्या भिंतीत रुजतो. दर महिन्याला तिथंही रक्त उतरतं, गाठ ठणकते. एंडोमेट्रिओसिस म्हणतात. बहुतेकींची गाठ काढली की संपतं. क्वचित एखादीच्या गाठीचा कॅन्सर होतो, तुझ्या टाक्याजवळच्या गाठीचा झाला तसा.

ती एखादी तूच का गं?

पाळी आली की मागच्या खोलीत पोट धरून बसायचीस. दवाखान्यात न्यायला मी गाडी काढली की आतूनच ओरडायचीस, "लांब बसलोय न्हवं! चार दिवस जाऊ देत की."

पाचव्या दिवशी न्हाऊन, गजरा माळून निघायचीस. तोवर गाठ बसलेली! सोनोग्राफीत काय दिसणार? "टाक्याचा दोरा असेल," डॉक्टर म्हणायचे. परतताना तू मलाच हसायचीस, "बघा, उगंच घाबरतायसा!" अख्ख्या मंडईला भावात नमवणारी बाई तू. दुखण्यालासुद्धा सोवळं पाळायला लावलंस?

"दुखत असतानाच आणली असती, तर वाचली असती?" मी विचारलं. बाई खाली बघत म्हणाल्या, "आता ते नका विचारू."

घरी आलो, तर सूनबाई मागच्या खोलीत, वेगळं ताट घेऊन. तिचंही सिझर झालंय. म्हटलं, "बाळा, आत ये." तर म्हणते, "आत्तींनी घालून दिलंय, मामा. त्या गेल्या म्हणून मी मोडू व्हय?"

तुझ्यावरच्या मायेनं पाळतेय गं पोरगी. त्या मायेशी मी कुठल्या तोंडानं भांडू? आणि जिंकलो तरी तू थोडीच परत येणार?

तरी शब्द देतो. उद्या सकाळी तिला स्वयंपाकघरात बोलावून तिच्या हातचा चहा मागणार. ती न्हाय म्हणेल. परवा पुन्हा मागीन. तू वरून चिडलीस, तरी मागीन.

तुझाच,
बाळासाहेब