नकाशातलं लाल छप्पर

कासल, १२ मार्च

प्रिय रोझविटा,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट चुलीत घालू नकोस. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण बटाटे अजून माझे मीच उकडून खातो.

इकडची बातमी म्हणजे, पालिकेनं शहरातल्या घराघराचा नकाशा काढलाय. ज्या छपरावर ऊन भरपूर ते लाल, जिथं नाही ते निळं. शेजारच्या नूरजाननं संगणकावर दाखवला. माझं छप्पर लालबुंद. "आजोबा, तुमच्या डोक्यावर एवढी वीज फुकट चाललीय," म्हणाली. मलाही हुरूप आला. सौर पॅनल बसवणारी बाई बोलावली.

ती शिडीवर चढली, पत्र्याला हात लावता लावता थांबली आणि तशीच खाली आली.

"हे पत्रे कधी घातलेत?"

"एकोणऐंशी साली. मी आणि माझ्या धाकट्या भावानं."

"कापले कुणी?"

"का, वाकडे कापलेत?"

ती हसली नाही. "आजोबा, हा ॲस्बेस्टॉस आहे. कापला की याची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि कित्येक वर्षांनी जीव घेते. यात एक भोकसुद्धा पाडायचं नाही, कायदा आहे. नकाशा विमानातून काढलाय. त्याला ऊन दिसतं, पत्रा कशाचा ते दिसत नाही."

मी "असं होय?" म्हणालो. जणू पहिल्यांदाच ऐकत होतो.

रोझविटा, मला ठाऊक होतं. पत्रे माझ्या कारखान्यातले. मुकादमानं बजावलं होतं, भिजवून कापा, तोंडाला फडकं बांधा. मला घाई होती. करवत तुझ्या विनफ्रीडच्या हातात दिली, फडक्याचं बोललोच नाही. पहिल्याच संध्याकाळी तो धुळीनं पांढऱ्या झालेल्या केसांनी खाली उतरला आणि म्हणाला, "दादा, बघ, तुझ्याआधी म्हातारा झालो."

पुढं बऱ्याच वर्षांनी तो फुफ्फुसाच्या दुखण्यानं शेवटचा इस्पितळात असताना डॉक्टरांनी मलाच विचारलं होतं, ह्यांचा कधी ॲस्बेस्टॉसशी संबंध आला का. मी म्हणालो, छे, सिगारेटी ओढायचा नुसत्या. तू दाराशी उभी होतीस. त्या दिवसापासून तू त्याच्याशी धड बोलली नाहीस. "स्वतःच्या हातानं मेलास," असं त्याच्या तोंडावर म्हणालीस. मी ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

हेही कदाचित लिहिलं नसतं. पण रविवारी तुझ्या इम्केचा फोन आला. म्हणाली, आईला जिना चढवत नाही, छातीत पाणी झालंय, डॉक्टरांना कारण सापडत नाही. तू तर आयुष्यात सिगारेटला हात लावला नाहीस.

त्या उन्हाळ्यात विनफ्रीडचे कामाचे कपडे रोज कोण झटकायचं, कोण धुवायचं?

उद्याच जा. हे पत्र डॉक्टरांपुढं ठेव. माझ्यावर काय रागवायचं ते नंतर रागव, मी घरीच असतो. सरकारी कागदाला लागते तशी पूर्ण सही करतोय.

आल्फोन्स कूलमान,
पत्रे आणणारा