गंजलेल्या शटरचा सीझन

१० ऑगस्ट

हरलो. तीन-शून्य. अकरा वर्षांनी फुटबॉलच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये परतलो आणि उंबरठ्यावरच पाय घसरला. तरी लोक उठले नाहीत. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो अपमान निदान मोठ्या संघाकडून होतोय, यातही एक समाधान असतं.

दादा वरच्या केबिनमध्ये, माइकपाशी. सव्वीस वर्षं तोच. संघाची यादी वाचायची त्याची रीत ठरलेली — नंबर आणि पहिलं नाव तो म्हणतो, आडनाव स्टेडियम म्हणतं. बावीस हजार माणसं, एका घशाने. पाहुण्या संघाची नावं मात्र दवाखान्यात पेशंट पुकारतात तशी वाचतो. दोन्ही कला त्याच्या स्वतःच्या.

आज सात नंबरला त्याचा आवाज फाटला. नाव अर्धंच आलं. लोकांनी आडनाव म्हणून टाकलं. सवय.

१८ ऑगस्ट

बाहेरच्या मैदानावर बरोबरी. एक गुण. सलूनमध्ये असा जल्लोष, जणू कप आणला. न्हाव्याने माझा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा वर नेऊन ठेवला. आनंदाची किंमत.

२ सप्टेंबर

वहिनी पेपरच्या ऑफिसात आल्या. त्या कधी येत नाहीत. दादाचं चष्म्याचं दुकान, तो आत डोळे तपासतो, त्या काउंटर सांभाळतात. दुकान सोडून निघाल्या म्हणजे काहीतरी मोडलंय एवढं मला कळलं.

"भावोजी, यांच्या घशात गाठ आहे."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आत्ता काढली तर घसा वाचेल. आवाज किती वाचेल ते सांगता येत नाही. थांबलात तर दोन्हीचा भरवसा नाही.

"मग?"

"मग काय, म्हणाले, सीझन संपू दे."

सीझन मे महिन्यात संपतो.

"तुम्ही समजवा," म्हणाल्या. "तुमचं ऐकतील." दादाने माझं शेवटचं कधी ऐकलं ते मी आठवून पाहिलं. मी जन्मायच्या आधीचं काही असेल तर कल्पना नाही.

५ सप्टेंबर

दुकानात गेलो. त्याने मला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर लोखंडी फ्रेम चढवली आणि भिंगं बदलत विचारलं, "हे बरं, का हे बरं?" म्हणजे मला बोलताच येऊ नये.

"दादा, ऑपरेशन—"

"खालची ओळ वाच."

वाचली. मग तो म्हणाला, "अकरा वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये रिकाम्या खुर्च्यांना नावं वाचून दाखवली. पावसात तर तीनशे माणसं, त्यातली निम्मी आडोशाला आलेली. आता एक सीझन वर आलोय. एक. तो मी पुरा वाचणार." आणि चिठ्ठीवर माझा नंबर लिहून दिला. वाढलाय.

मी, जो दर शनिवारी छापून मंत्र्यांची हजामत करतो, चिठ्ठी घेऊन गुपचूप घरी आलो.

२१ सप्टेंबर

आईचा बटणांचा डबा आठवत बसलो. फरशीवर खडूने मैदान. शर्टाची बटणं म्हणजे खेळाडू, कोटाचं मोठं बटण गोलकीपर. दादाने अख्खी राष्ट्रीय लीग चालवली होती — अठरा संघ, चौतीस फेऱ्या, वहीत गुणतक्ता. स्टीलचा पेला तोंडाला लावून नावं तोच पुकारायचा. मी प्रेक्षक. सगळे प्रेक्षक मीच. "हाऽऽ" म्हणायचं, आणि पाहुण्यांच्या गोलला गप्प बसायचं. एकदा मी पाहुण्यांसाठी ओरडलो तर मला मैदानाबाहेर काढलं, म्हणजे स्वयंपाकघरात.

बाबांच्या कामाच्या शर्टाला एकदा गळ्यापासून खालपर्यंत एक बटण उरलं नव्हतं. आई म्हणाली, "तुमचा सेंटर फॉरवर्ड पोरांनी विकत घेतलाय." बाबा पिन लावून कामावर गेले. रविवारी मात्र आमच्या शेजारी फरशीवर बसून त्यांनी एक संघ मागून घेतला.

५ ऑक्टोबर

पुन्हा हरलो. तळापासून दुसरे. शेवटचे तीन खाली जातात.

११ ऑक्टोबर

समजावणं जमत नाही, तर मला जे जमतं ते केलं. आजच्या स्तंभात दादावर लिहिलं. नाव न घेता. "आपल्या स्टेडियमच्या केबिनमध्ये एक गंजलेलं शटर बसवलेलं आहे. दर सामन्याआधी ते वर सरकवतात तेव्हा जो आवाज होतो, त्याला संघाची यादी म्हणतात." वगैरे. वाचून क्लबचा सेक्रेटरी त्याला विश्रांती देईल, आणि तो सुटा झाला की वहिनी त्याला थेट डॉक्टरांकडे नेतील, असा हिशेब.

वीस वर्षं लिहितोय. माझ्या लिखाणाने आजवर नाक्यावरचा गळका नळही बंद झालेला नाही. तरी का वाटलं कोण जाणे.

१९ ऑक्टोबर

घरचा सामना. उत्तरेकडच्या स्टँडमध्ये चादरीएवढा फलक — "आमचं शटर, आमचं घर."

दादाने पहिला नंबर वाचला आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. आवाज खरोखर पत्र्यासारखा येतोय. लोकांना तोच हवाय. पोरं बाहेर पडताना तसाच घसा खरवडून एकमेकांना नावं घेऊन हाका मारत होती. वर आम्ही जिंकलो, एक-शून्य. म्हणजे शकुनही ठरला.

सामन्यानंतर जिन्यात भेटला. "वाचलं," म्हणाला. "उपमा जुनी आहे."

"दादा, मी ते—"

"कशाला लिहिलंस ते कळलं. गाढवा, आता तर मला सुट्टीच नाही."

वहिनी शेजारून गेल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

९ नोव्हेंबर

वहिनी बोलत नाहीत. फोन उचलतात, "देते" म्हणतात, देतात.

२३ नोव्हेंबर

भिंगं पुसायच्या फडक्यांच्या खणात वहिनींना रिपोर्ट सापडला. दुसऱ्यांदा तपासून आला होता, एकटाच, महिन्यापूर्वी. गाठ वाढली आहे.

तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात. ती दोघं दोन बाजूंना, मी मधोमध, बटणासारखा. वहिनी रडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला बावीस हजार माणसं ऐकतात. मला घरात एकाचाच आवाज येतो."

दादा बराच वेळ टेबलावरची मिठाची बाटली फिरवत राहिला.

"केबिनमध्ये नवा माणूस नको," शेवटी म्हणाला. "मी आजारी आहे हे कळायला नको. फुलं नकोत. टाळ्या नकोत. हा बसेल माझ्या जागी."

हा म्हणजे मी.

"मला येत नाही."

"का? आवाज एकाच साच्यातला आहे. मी तो कामाला लावला, तू तक्रारीला. आणि शटर येतं ना तुला? तूच नाव ठेवलंस, आता तूच उघड."

वहिनी महिन्याभराने पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. पूर्ण नाही. पण हसल्या.

१ डिसेंबर

सेक्रेटरीला सांगितलं. त्याने दोन्ही हात वर केले. "मला तुम्ही काही सांगितलंच नाहीत असं समजा." साउंडवाल्याला मात्र सांगावं लागलं, तो केबिनमध्येच असतो. तो म्हणाला, "मला आवाजाशी मतलब. माणूस कोण का असेना."

७ जानेवारी

हिवाळ्याची सुट्टी, सामने बंद. ऑपरेशन झालं. गाठीसोबत एका बाजूचा स्वरतंतूही काढावा लागला. तुकडा तपासायला गेला, त्यातून काय निघालं ते आम्ही घरात मोठ्याने म्हणत नाही. जखम भरली की सहा आठवडे रोज शेक — किरणांच्या मशीनखाली. बोलायची सक्त मनाई.

शुद्धीवर आल्यावर त्याने वही मागितली. पहिलं वाक्य: "याने सराव सुरू केला का?"

२५ जानेवारी

रोज सकाळी आरशासमोर घसा खरवडतोय. शेजारच्या काकू सुंठीचा काढा घेऊन आल्या. "दोन आठवडे ऐकतेय. दाखवा हो कुणाला तरी."

८ फेब्रुवारी

केबिन माझ्या कल्पनेपेक्षा लहान. एक खुर्ची, एक माइक, काचेवर त्याच्या बोटांचे ठसे. यादी अर्धा तास आधी हातात आली. दोनदा उलटसुलट वाचली. साउंडवाला म्हणाला, "दादाही पाणी प्यायचे आधी. फक्त सांगत नसत." प्यायलो.

एक नंबर. आणि पहिलं नाव.

खालून आडनाव आलं. काचेला धक्का बसला. आजवर मी एवढ्या लोकांना एकदम काही म्हटलं तर उत्तरात शिव्याच आल्या होत्या. अकरा वेळा म्हटलं, अकरा वेळा आलं. मधे एकदा आवाज फाटला, तो शटरमध्ये खपला.

कोणालाही कळलं नाही. बावीस हजारांतल्या एकालाही! दादा मफलर गुंडाळून खाली वहिनींशेजारी बसला होता. घरी गेल्यावर वही पुढे केली. "नऊ नंबरला घाई. आणि पाहुण्यांना फार प्रेमाने वाचलंस. ते आपले कोण लागतात?"

सामना हरलो ते सांगायचं राहिलंच.

१ मार्च

दुकानात त्याने बोलण्याऐवजी कार्डं केली आहेत. भिंग बदललं की कार्ड दाखवतो — "हे बरं?" मग "का हे बरं?" तीन दिवसांनी लक्षात आलं की समोरचा चष्म्यासाठीच आलाय, त्याला कार्ड वाचता येत नाही. एक गृहस्थ प्रत्येक कार्डाला "हो हो" म्हणत गेले आणि नवा चष्मा घालून दारावर आपटले. आता विचारायचं काम वहिनींकडे. म्हणतात, "तीस वर्षांत पहिल्यांदा मी विचारते आणि हे ऐकून घेतात."

२२ मार्च

जिंकलो. सलग दुसरा. तळापासून चौथे, म्हणजे आजच्या दिवसापुरते वाचलेले.

वरून मैदान पाहताना बाबा आठवले. समोर जुना लाकडी स्टँड होता, तिथे आम्हाला न्यायचे. स्वतः खेळाकडे कमीच बघायचे. आमच्याकडे बघायचे. गोल झाला की आमच्या तोंडावरून त्यांना कळायचं. तो स्टँड पाडून बावीस वर्षं झाली. खेळ वरून सगळा दिसतो. पण ते बाक दिसत नाहीत म्हणून काहीतरी कमीच वाटतं.

१२ एप्रिल

शेक संपला. डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे. वहिनी तिथेच खुर्चीत बसल्या. आवाजाचं विचारलं तर म्हणाले, "वाट बघा."

बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जातो. घरी रोज सकाळी पेल्यातल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढायचे, बुडबुड्यांसोबत स्वर काढायचा. दार लावून बसतो. आत कोणालाही घेत नाही. वहिनी म्हणाल्या, "बुडबुडे ऐकू येतात, भावोजी. बाकी काही नाही."

३ मे

हरलो. चार गोल. पाहुण्यांची नावं आता मला दवाखान्यासारखी अगदी सहज वाचता येतात.

१७ मे

शेवटचा सामना. जिंकलो तर राहणार, नाहीतर खाली.

एक-एक. शेवटच्या मिनिटाला आमच्या सात नंबरचा फटका खांबाला लागून बाहेर. तो खांब अजून काचेतून थरथरताना दिसतोय असं वाटत होतं. मग शिट्टी.

कोणी उठलं नाही. सीझनचे आभार मानायचा कागद माझ्या पुढ्यात. वाचायला सुरुवात करणार, तेवढ्यात मागे दार उघडलं. दादा. सत्तर पायऱ्या चढून, धापा टाकत. मी उठून खुर्ची दिली. तो बसला. कागद वाचला. पेनने दोन शब्द खोडले — "दुर्दैवाने" आणि "तथापि" — आणि कागद माझ्या हातात परत दिला. माइककडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

मी वाचलं. शटरच्या आवाजात, शेवटचं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शेजारी बसून त्याने त्या ऐकल्या, दुसऱ्या कोणाच्या असाव्यात तशा. मग स्विच त्यानेच बंद केला.

उतरताना प्रत्येक जिन्यावर थांबत होता. मीही थांबत होतो. मला धाप लागली नव्हती.

२९ मे

ऑफिसातला फोन वाजला. पलीकडे कोणीतरी म्हातारं, बारीक, हवेनेच बोलणारं. शनिवारच्या स्तंभावर चिडलेला वाचक असणार. "संपादकांना लिहून कळवा," म्हटलं आणि ठेवला. लगेच पुन्हा वाजला. तोच. पुन्हा ठेवला.

तिसऱ्यांदा वहिनी होत्या. "भावोजी, त्या शिकवणाऱ्या बाईंकडून बोलतेय. दोनदा ठेवलात तुम्ही यांचा फोन. आता ठेवू नका."