पायविहिरीवर बसलेल्या बाया

ता. पारोळा,
माघ महिना, सन १९३८

प्रिय पमे,

तुझं पत्र पोचलं. ‘बाळंतपणाला माहेरी नेणार की नाही, एकदाचं सांगून टाका,’ एवढंच लिहिलंस, खाली साधा नमस्कारसुद्धा नाही! रागावलीस, ते बरोबरच आहे. पण पोरी, मी कोणत्या तोंडानं तुला मागणार होतो? दोन वर्षांमागं उन्हाळ्यात तू इथे आलीस, आपल्या पायविहिरीचं पाणी प्यालीस, आणि वर्षानं धुळ्याला तुझ्या घोट्यातून नारूचा लांबलचक जंत निघाला. तो काडीवर गुंडाळत महिनाभर खाटेवर पडलीस आणि तुझं सगळं केलं ते तुझ्या सासूबाईंनी. त्याच वच्छलाबाईंनी तेव्हा मला सांगितलं, लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतात तोवर सून त्या गावाला पाठवणार नाही. मी घरी येऊन नुसता चडफडलो. माझ्या गावाला नावं ठेवते म्हणजे काय! पण आतून ठाऊक होतं, बाई खरं बोलतेय.

म्हणून तुझी गोड बातमी आली तसा मी जळगावला गेलो आणि आरोग्य खात्याच्या डॉक्टरांना गळ घातली. भला माणूस, खरंच आला. चावडीवर काचेच्या पेल्यात आपल्याच विहिरीचं पाणी धरून त्यांनी त्यातले वळवळते ठिपके दाखवले. नारूवाल्याचा पाय पाण्यात बुडला की नारूची पिल्लं या ठिपक्यांत शिरतात, आणि ते पोटात गेले की पुढच्या साली आपल्याला नारू. उपाय एकच, पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा, रहाटानं पाणी ओढायचं. चुना नि सिमेंट वरून मिळवून देतो म्हणाले, दगड आणि राबणं गावाचं. झुलाल गवंडी तयार झाला, लोटन सुताराला रहाट सांगितला, सगळ्यांनी माना हलवल्या. मी तर नवरदेवासारखा मिरवत घरी आलो.

आणि काय सांगू तुला! काम सुरू करायच्या सकाळी झुलाल पहार घेऊन गेला, तर पायऱ्यांवर गावच्या बाया बसलेल्या. एकीचीही उठायची तयारी नाही. आणि सगळ्यांच्या पुढे कोण? तुझी आई! माझं डोकंच फिरलं. चारचौघांत ओरडलो, अगं झुंबर, तुझ्याच पोरीसाठी चाललंय ना हे, तुला ती यायला नको का? तर शांतपणे म्हणते, पोर येईल, सुटेल, मग सव्वा महिन्यानं विहीर पुजायला कुठं जाईल? ‘मनी पोर पूजा कोठे करी?’ असं विचारून तिनं खाली पाण्याकडे बोट केलं. पाण्यालगतच्या त्या शेवटच्या पायरीला हळदकुंकू वाहिल्याशिवाय आपल्या गावात कुठलीच बाळंतीण घराबाहेर कामाला लागलेली नाही. चावडीवर आम्ही बाप्ये एवढे बसलो, विहिरीवर रोज जाणाऱ्या बायांना विचारायचं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग आठवडाभर घरात अबोला. ताटात भाकरी आदळायची, मी मुकाट खायचो. तुझे दिवस भरत चाललेले आणि विहीर तशीच! जीव नुसता टांगणीला लागला होता. शेवटी डॉक्टर पुन्हा आले. मला वाटलं, आता बायांना दरडावतील. छे! ते विहिरीच्या वरच्या पायरीवरच बसले आणि बायांना म्हणाले, तुमची पूजा कशी होते ते मला सांगा. मग काय, घुगऱ्या कशा वाटतात, कळशी कशी पुजतात, बाळाला कोण घेतं, बायांनी सगळं सांगितलं, मध्येच हसू लागल्या. सांगता सांगता तुझ्या आईनंच तोड काढली. ती पायरी पाण्यातून उपटून वर आणा, कठड्याला लावून बसवा, पूजा तिथं करू. इतकी साधी गोष्ट! भाईदासनं बैलजोडी आणली, मोटेचे दोर लावले आणि ती शिळा वर आली तेव्हा बायांनी असा गलका केला की विचारू नकोस. त्यानंतर दगड वाहायला बायाच पुढे. विहीर उपसली, चुना टाकला, पायऱ्या बुजवल्या, कठडा झाला, रहाट बसला. या उन्हाळ्यात जुन्या पाण्याचा नारू काहीजणांना निघेलच, पण त्यांचा पाय आता पाण्यापर्यंत पोचत नाही. शिवाय कळशीच्या तोंडावर फडकं बांधल्याशिवाय तुझी आई कुणाला रहाटाला हात लावू देत नाही. मोठी फौजदारीण झालीय.

आता खरं काय ते सांगतो. सोमवारी तुझ्या सासूबाई पारोळ्याला लग्नाचं कापड बघायला गेल्या होत्या ना? कसलं कापड नि कसलं काय! सरळ इथे आल्या. कुणाशी न बोलता विहिरीभोवती फिरल्या, कठड्यावरून वाकून पाहिलं. मग पदर खोचून स्वतः रहाट ओढला, फडक्यातून तांब्या भरला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. तुझ्या आईला म्हणाल्या, ‘पानी गोड शे, झुंबरबाई.’ दोघी गळ्यात पडून रडल्या आणि मीही रडलो, लपवत नाही. तुला एवढ्यात सांगू नका म्हणाल्या. पोरीला माहेरचं बोलावणं माहेराहूनच जाऊ दे, माझ्या तोंडून नको. तर हे ते बोलावणं, पमे. गुरुवारी दुपारच्या मोटारीनं पारोळ्याला उतर, मी बैलांची दमणी घेऊन उभा असेन. आणि सासूबाईंवर रुसून बसली असशील तर तो रुसवा आधी सोड. त्यांचंही बोचकं बांध. बाळंतपण आम्ही दोघी मिळून करणार, असं त्या तुझ्या आईला सांगून गेल्या आहेत.

वाट पाहणारा तुझाच,
आबा