वजूचं पाणी

बल्लारपूर, ५ फेब्रुवारी

ती. भाईजान यांस,
उमेराचा सलाम वि. वि.

तुझ्या शाळेकडे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र अहेरीच्या बसने पाठवते आहे. तू पाठवलेलं बेसिन काल बसलं. अब्बांच्या खोलीत, अगदी पलंगाजवळ, ठेंगणं, समोर स्टूल. मागच्या महिन्यात अंगणातल्या शेवाळावरून घसरून ते पडले, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर होता. आता नमाजाआधी वजूसाठी लोटा घेऊन बाहेर जायला नको. हात, तोंड, पाय धुणं सगळं खोलीतच. अब्बांनी नळ उघडला, बंद केला आणि तुझ्यासाठी दुवा मागितली.

त्यांची बाग आता मी बघणार आहे. उन्हं वाढायच्या आत काय लावावं, पाणी कसं वाचवावं, ते कळव. शाळेची परसबाग तूच करतोस ना? फुकटचे सल्ले द्यायला तुला तसंही आवडतं.

सलाम आणि भांडण दोन्ही पोचवणारी,
उमेरा

अहेरी तालुका, १४ फेब्रुवारी

चि. उमेरास अनेक उ. दुवा.

बेसिन बसल्याचं वाचलं आणि त्या दिवशी नीट जेवलो. आता ऐक. वाफ्यात मातीचा मटका गळ्यापर्यंत पुर, भर, वर झाकण ठेव. पाणी आपोआप मुळांशी झिरपतं. रोपांच्या बुडाशी पालापाचोळा अंथर, जाळू नकोस. तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतू नकोस. भेंडी, गवार आत्ताच लाव, ती ऊन सोसतात.

लहानपणी तू झाडांची पानं तोडून दुकान मांडायचीस, तेवढीच शेती तुला येते. तरी जमेल. अट एकच, अब्बांना अंगणात पाऊल ठेवू द्यायचं नाही.

माया आहेच, ती वेगळी काय लिहू.
अजीम

बल्लारपूर, ३ मार्च

ती. भाईजान यांस,
सलाम वि. वि.

तुझे सगळे सल्ले पाळले आणि माझ्या नाकी नऊ आले. मटका पुरला, पण तो भरायचा कशाने? नळ एक दिवसाआड येतो, धार करंगळीएवढी. पालापाचोळा अंथरला तर शेजारच्या कोंबड्यांनी उकरून अंगणभर केला. भेंडी उगवली आणि करपली. टमाटर माना टाकून उभे आहेत, पानांवर कोळशाची धूळ. रोजा धरून बादल्या वाहते आणि तरी बाग डोळ्यांदेखत चालली आहे. राग कुणावर काढू ते सांग.

काल वैतागून शेजारच्या रंभाबाईला विचारलं, माझं चुकतं कुठे. ती म्हणाली, तुह्या बापानं या झाडाईले कधी वेगळं पाणी देल्लंच नाई, तुले माहीत नाई का. मग तिनेच समजावलं. अब्बा दर वजूला स्टूल नव्या झाडापाशी सरकवायचे. पहाटे टमाटर, दुपारी वांगं, मग मिरची, सांजेला मगरिबच्या वेळी लिंबू, शेवटी पुदिना. सगळी बाग त्या लोट्यावर जगत होती आणि आपण तो बंद केला.

मी लगेच बेसिनच्या पाइपाखाली बादली लावली. पाणी मिळालं, पण अब्बा खोलीबाहेर येत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. इफ्तारला चटणी दिली तर पुदिना बाजारचा आहे हे ओळखून वाटी सरकवली. टमाटर वाळतात म्हटलं, तर म्हणाले की बाग आता तुही आहे. तू हौसेने पाठवलंस, तुझ्या मनाला लागेल, म्हणूनच ते बेसिन वापरतात. ते काढायला तू सांग. मला घोर अब्बांचा आहे रे, बागेचा नाही.

तुझ्या होकाराची वाट पाहणारी,
उमेरा

अहेरी तालुका, ९ मार्च

चि. उमेरास दुवा.

होकार मिळणार नाही. अब्बा पडले हे मला दोन दिवसांनी कळलं. इथे फोन नाही, एक बस चुकली की दुसरी कधी येईल ते कुणी सांगत नाही. ते दोन दिवस मी मुलांना पाढे म्हणायला लावत होतो आणि तिकडे माझा बाप अंथरुणात कण्हत होता. तू घरात आहेस, तुला हे कळायचं नाही. टमाटर वाळले तर वाळू दे.

पाण्याचंच अडत असेल तर इसरू मिस्त्रीला बोलाव. भिंत फोडून बेसिनचा पाइप थेट वाफ्यात सोड. पण बेसिन जागचं हलणार नाही.

रागावलीस तरी माझीच आहेस.
अजीम

बल्लारपूर, १७ मार्च

ती. भाईजान, सलाम. अब्बा बोलतील तसंच लिहायचं, एक शब्द बदलायचा नाही, अशी मला ताकीद आहे.

बेटा अजीम, दुवा.

इसरू मिस्त्री भिंत फोडाले आला होता. मी त्याले म्हटलं, भिंत काऊन फोडतं, अंगणात चाल. शेवाळाचे गोटे काढले अन् वाफ्याच्या कडेकडेनं खरबरीत ओटा बांधून घेतला. धराले लोखंडी दांडा लावला, टमाटरापासून लिंबापर्यंत. उमेरानं पाणी टाकून, वर कुदून पाह्यलं. घसरत नाई.

तुह्या बेसिनचा मले राग नाई. पण खोलीत नळ उघडला का पाणी पाइपातून बाहेर जाते अन् मी पलंगावर. बाहेर बसलो का कोण्या झाडाले फूल आलं, कोण्याले कीड लागली, ते दिसे. रंभाबाई कुंपणावरून बोले. तुम्ही दोघाईनं मले लई जपलं, पण घरात कोणाचंच काही माह्यावर अडत नोहोतं. ते मले सोसलं नाई.

बेसिन मीच काढाले लावलं. फेकलं नाई. भोकावर खापरी ठेवून माती भरली अन् त्यात पुदिना लावला. भेंडी गेली, टमाटर दोनच वाचले. उमेरा अजून चिडून राह्यली, चिडू दे. तू भेतं, हे मले समजते. ईदले ये अन् ओटा पाय आपटून पाह्य. नमाजाले जायच्या आधी वजू लिंबापाशी कर. ती पाळी तुह्यासाठी ठेवली आहे.

माया होती तेवढीच आहे.
गुलाम रसूल

ता. क. भाईजान, हे माझं. लिंबू परवापासून कोरडं आहे. अब्बा मला त्याला थेंबभरही पाणी घालू देत नाहीत. मिळेल ती बस पकड.