आरशातलं शेवटचं बाक

२ फेब्रुवारी
ती. ताईस,
ख्रिस्तात सलाम वि. वि.

आपले शाळेतले मास्तर आता स्वतःच्या हातानं जेवतात, हे आधी सांगते. दगडखाणीविरुद्ध बोलले म्हणून खाणवाल्याच्या मेव्हण्यानं त्यांना पुलावर मुद्दाम गाडीखाली घेतलं, आणि ते पाहणारी मी एकटीच. पुढच्या महिन्यात कोर्टात तेच सांगायचंय. मेव्हणा जामिनावर सुटलाय. परवा माझ्या खिडकीवर दगड आला, काल सायकलचं सीट फाडलेलं. भीती वाटते गं, खोटं कशाला बोलू?

त्यात आणखी एक. चर्चमध्ये ऑर्गनवर बसले की माझी पाठ सगळ्यांकडे, म्हणून पाळकसाहेबांची खूण दिसायला समोर छोटा आरसा आहे ना? तो कुणीतरी वळवलाय! आता निम्मे पाळकसाहेब दिसतात, निम्मं दार, आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर तो नवा काचवाला. चर्चच्या खिडक्यांना रंगीत काचा बसवायला आलाय. गीत चालू असतं तेव्हा हा आपला तोंड मिटून बसलेला. खाणवाल्याचाच माणूस असणार. मी पाळकसाहेबांच्या कानावर घातलंय.

आईला कळू देऊ नकोस. माया आहेच, ती पत्रानं पोचती कर.
चिमणी

८ फेब्रुवारी
चि. चिमणीस,
अ. आ.

दवाखान्यात सुया टोचायच्या सोडून तुझं पत्र तीनदा वाचलं. सामान बांध आणि निघून ये. साक्षीला दुसरं कोणी नाही का, असं लिहिणार होते, पण नाही हे तूच लिहिलंयस. तरी ये.

काचवाल्याचं मात्र काही कळेना. आणि काय गं बये, तो तोंड मिटून बसतो हे तुला इतकं बारकाईनं बरं दिसतं? उपासनेत लक्ष कुठे असतं तुझं?

आईला थाप मारलीय, देव मला माफ करो. रोज तुझ्यासाठी गुडघे टेकते.
तुझी ताई

१७ फेब्रुवारी
ती. ताईस,
सलाम वि. वि.

मी सुखरूप आहे. आता नीट बसून वाच.

रविवारी प्रवचन रंगात आलं होतं. आरशात दार उघडलं आणि मेव्हणा आत आला. खिशात हात, नजर माझ्यावर. सगळे पुढे बघत होते. ओरडले असते तर त्यानं माझ्याकडे धावच घेतली असती. आमच्याकडे शेवटच्या गीताचा सूर लागला की सगळे उठून मधल्या वाटेत येतात आणि एकमेकांचे हात धरतात. मी तेच गीत वाजवायला घेतलं, प्रवचनाच्या मधेच! पाळकसाहेब आ वासून बघत राहिले, पण माणसं सवयीनं उठली आणि वाट भरून गेली. शिंपीणबाईंनी तर सवयीनं मेव्हण्याचाच हात धरला! दुसरा हात काचवाल्यानं मागून पिरगाळला, त्यात चाकू होता. पोलीस येईपर्यंत मी वाजवतच होते.

आरसा काचवाल्यानंच वळवला होता, माझ्या साक्षीचं ऐकून, मला दार दिसावं म्हणून. सांगायचा धीर झाला नाही म्हणे. आणि गात नाही, कारण सूर लागत नाही! अशा माणसाची मी चुगली केली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी येत नाही, ताई. साक्ष देणार.
तुझीच चिमणी

२२ फेब्रुवारी
चि. चिमणीस,
अ. आ.

आधी रडले, मग शिंपीणबाई आठवून हसले. बरं, येऊ नकोस. कोर्टात तुझ्यासमोर आम्ही बसू, मी आणि आई. हो, सांगितलं तिला. ती काचवाल्याबद्दलच जास्त विचारते.
ताई

१९ एप्रिल
ती. ताईस व आईस,
सलाम वि. वि.

कोर्टात तुम्ही समोर होतात म्हणून जीभ अडखळली नाही. मास्तर काठी घेऊन पुलापर्यंत जातात. मेव्हणा आतच आहे.

काल काचवाला शिडी घेऊन आला. आता भीती गेली, आरसा सरळ करून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. का, असं विचारलं त्यानं, तर मी म्हटलं की मला शेवटचं बाक दिसायला हवं, जन्मभर. तो शिडीवरून पडता पडता वाचला. मग हो म्हणाला.

आज पाळकसाहेबांची खूण माझ्या लक्षातच आली नाही. बिचारे हात वर करून ताटकळले. आणि शेवटच्या बाकावर तो गात होता, ताई. अगदी बेसूर.

दोघांना आशीर्वाद पाठवा.
चिमणी