पाच माझे नाहीत

३ ऑगस्ट २०२४, शनिवार. फॉय.

तेवढ्यात उल्हासने गळाचा रॉड आईच्या हातात दिला. "फक्त धर, आई. मिनिटभर."

लीलाकाकूंनी तो लाटण्यासारखा आडवा धरला. सत्त्याहत्तर वर्षांच्या. नागपूरहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. जन्मात अंडं खाल्लेलं नाही. साडीवर लाइफजॅकेट, नाकाला पदर.

"शी इज फिशिंग," उल्हास स्किपरला म्हणाला. "फाइव्ह मोअर."

हॉटेलच्या खोलीत लिहितो आहे. हात तीनदा धुतले. वास जात नाही.

क्रमाने लिहितो. उद्या गटारी. सोमवारपासून श्रावण. म्हणून आमच्या रीडिंग गावच्या मराठी मंडळाची ही टूर – कॉर्नवॉलमध्ये फॉय बंदर, 'मॉर्वेना' नावाची बोट, अकरा जण. समुद्रात बुडालेल्या जहाजांवर पोलॅक नावाचा मासा मिळतो. तो धरायचा, परत नेऊन खायचा, मग महिनाभर शिवायचाही नाही.

बोटीचा मालक आणि स्किपर डेन्झिल. मागच्या वर्षापर्यंत हाच मासा गळाने धरून विकायचा. यंदा धंदेवाल्यांचा कोटा शून्य. दुसऱ्या माशासाठी टाकलेल्या गळाला चुकून लागला तर तेवढाच. हौशी माणसाला मात्र मर्यादा नाही. डेन्झिलने आपल्या बोटीपुरती घातली आहे: रॉडमागे पाच, मग बास.

"आम्ही संपलो," तो म्हणाला. "आता कोळी तुम्हीच." हसला नाही.

तीन सप्टेंबरला बैठक आहे. धंदेवाले, हौशी, मासे मोजणारे शास्त्रज्ञ, सरकारी माणसं. कोणाला किती, हे तिथे मांडायचं. डेन्झिल बोलणार आहे. त्याचं म्हणणं साधं: हौशींचाही मासा मोजा, त्यांनाही मर्यादा घाला, वाचेल त्यातला थोडा गळवाल्यांना परत द्या. पुरावा म्हणून प्रत्येक फेरीचा तक्ता तो पाठवतो. नाव, पुढे मासे. हौशी माणूस पाचावर थांबू शकतो, एवढं त्याला दाखवायचं आहे. नाही जमलं तर बोट विकणार. हवामान सांगावं तसं सांगितलं.

रॉड सहा होते. बारापर्यंत तीस मासे झाले. डेन्झिल इंजिनाकडे वळला.

"फाइव्ह पर पर्सन ना? वी आर इलेव्हन," उल्हास म्हणाला.

"पर रॉड."

"मग रॉड देतो की हातात." आणि दिला. आईच्या, बायकोच्या, मुलीच्या. आमच्यातल्या माणसाला डोकी मोजता येतात. लग्नाच्या पंगतीत तेच करतो, रेशनच्या दुकानात तेच केलं.

"मी अडवू शकत नाही," डेन्झिल म्हणाला. "तुम्हाला कायदा नाही."

तीनपर्यंत पंचावन्न. एवढ्या खोलीतून वर येताना माशाचं पोट फुगून तोंडातून बाहेर येतं. डोळे सुटतात. परत सोडला तरी जगत नाही.

तक्ता माझ्याकडे आला. "सर, अक्षर तुमचं चांगलं," उल्हास म्हणाला. बत्तीस वर्षं साहित्य शिकवलं, त्याचा हा उपयोग. अकरा नावं लिहिली. प्रत्येकापुढे पाच, म्हणजे कागदावर अकरा रॉड. माझ्याही. मी रॉडला हात लावला नव्हता. खाली सही केली.

डेन्झिलने वाचला. माझ्याकडे पाहिलं. खिशात घातला.

४ ऑगस्ट, रविवार. रीडिंग.

उल्हासच्या मागच्या बागेत गटारी. तीस माणसं. मीनल, उल्हासची बायको, मूळची मालवणची. सकाळपासून तळत होती.

"मासा कसला, कापूस आहे. रश्शात टाकला की विरघळतो."

तरी खाल्ला. तळलेला संपला, रस्सा तसाच राहिला. बागेच्या पायरीवर मासे मांडून फोटो. मग प्लॅस्टिकचा कप. 'बेस्ट अँगलर', म्हणजे उत्तम गळवाला. बोटीवर असलेल्या परीक्षितने भाषण केलं. "पदार्पणातच पाच!" कप लीलाकाकूंना. टाळ्या. त्यांना वाटलं, सगळ्यात वयस्कर म्हणून. हात जोडून घेतला.

मीही टाळ्या वाजवल्या. लिहून ठेवतो.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावणाचा पहिला दिवस, सोमवार. सात वाजता दारात उल्हास. हातात दोन काळ्या पिशव्या, गळणाऱ्या.

"सर, तुम्ही काही पाळत नाही ना? मीनल म्हणते, फ्रीजरमध्ये एक खवला दिसला तर मी माहेरी जाईन."

माझी बायको आसावरी गेल्यापासून माझा फ्रीजर रिकामाच असतो. चौदा मावले.

"बाकीचे?"

"बघू. शेजाऱ्यांना विचारतो."

शेजाऱ्यांनी घेतले नसावेत. दुपारी त्याच्या घरावरून गेलो. कचऱ्याच्या बिनचं झाकण अर्धं उघडं.

८ ऑगस्ट, गुरुवार

कचऱ्याची गाडी आली. झाकण बंद होत नाही म्हणून उल्हासचा बिन उचलला नाही. पुढची गाडी दोन आठवड्यांनी.

मुद्दाम जाऊन पाहिलं. का, माहीत नाही. पिशवी फाटलेली. एक मासा तोंड उघडून, त्यात पांढरं काही हलत होतं. भाताच्या शितांसारखं. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत वास. त्याच घरातून उदबत्तीचा.

ज्याच्यावर एका माणसाचं पोट होतं ते हे.

९ ऑगस्ट, शुक्रवार

उल्हासने फोटो फेसबुकवर टाकले. तक्त्याचाही. बोटीवरच काढला होता. खाली तिकडच्या कुणा गळवाल्याची ओळ: "मला धरायला बंदी आहे तो हाच ना मासा?" त्याखाली दुसरा: "डेन्झिलची बोट. पाच पर रॉड म्हणत होता. आजीबाईंनी पण?"

उल्हासने त्यावर हसरा चेहरा टाकला.

डेन्झिलला मेसेज केला. उत्तर नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

लीलाकाकू आल्या. बसने, एकट्या.

"फ्रीजर कुठं आहे तुमचा?"

"स्वयंपाकघरात."

"मग मी इथंच बसते." पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडशेजारी खुर्ची ओढून बसल्या. चहा नको. पाणी स्वतःच्या बाटलीतलं.

नात अक्षराने त्यांना फोनवर तक्ता दाखवला होता. "म्हणाली, आजी, तू पाच फिश मारला, पेपरवर आहे. मी म्हटलं, कोणत्या पेपरवर गं? तर हे. अक्षर तुमचं आहे, शशीभाऊ."

"हो."

"कप मी संडासात ठेवला. ब्रश ठेवायला बरा आहे. पण कागदाचं काय करू? तो तर गेला पुढं. माझ्या नावावर पाच जीव. काहून?"

मी सांगितलं. रॉडमागे पाच. डोकी अकरा. आता दुरुस्त केलं तर त्या माणसाचा तक्ता खोटा ठरेल. तीन सप्टेंबरच्या बैठकीत त्याला कोणी विचारणार नाही. बोट जाईल.

ऐकून घेतलं. पाण्याचा घोट घेतला.

"म्हणजे त्याची बोट माझ्या पापावर तरंगते म्हणता."

मी स्टँडवरच्या चपला सरळ लावल्या.

"आणखी एक सांगते. खोटं नाही बोलणार. ती काठी धरली न, तेव्हा एकदा ओढ लागली. खालून. मनगटापर्यंत. मी सोडली नाही. बरं वाटलं मला." पदराने हात पुसले, ओले नसताना. "तो एक माझा. चार काढा. चार ज्याचे असतील त्याच्या नावावर घाला. मंगळवारी वीस तारखेला माझं विमान आहे. त्याच्या आत."

दाराशी वळून म्हणाल्या, "तुमच्या नावावर किती?"

"पाच."

"धरले?"

"नाही."

"मास्तर ना तुम्ही?"

११ ऑगस्ट, रविवार

काही केलं नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

दुरुस्तीच्या पत्राचा खर्डा. दीड पान. उल्हासचा हावरेपणा, मंडळाची वृत्ती, बिन, अळ्या, उदबत्ती. चांगलं लिहिलं आहे. वाचून स्वतःचीच किळस आली. सही कोणी केली, ते दीड पानात कुठेच नाही. फाडलं.

१४ ऑगस्ट, बुधवार

हिशेब साधा आहे. सहा रॉड, पाच-पाच: तीस. काकूंचा एक. उरले चोवीस. ते कोणीतरी धरले. रॉड असलेल्या सहाही जणांना फोन केला.

परीक्षित: "मी पाचच, सर. गॉड प्रॉमिस."

मिहीर ऑफिसात होता. "काउंट कोणी ठेवला यार. पाच धरा."

देव: "माझे चार असतील खरं तर. पण पाच लिहा."

उरलेल्या दोघांनीही पाच सांगितले. एकाने फोटो पाठवला – हातात मासा, मागे डेन्झिलची पाठ.

उल्हास शेवटी. "सर, तुम्ही कशाला डोकं लावताय? तिथले ट्रॉलर टनांनी उपसतात. आपले चोवीस मासे म्हणजे काय?"

"मग तुझ्या नावावर लिहू?"

"माझ्या का? मी पाचच धरले."

"आईच्या नावावर कोणी पाच लिहायला सांगितले?"

"गंमत होती ती. आईला कळतं का त्यातलं?"

फोन ठेवला. ट्रॉलरबद्दल तो खोटं बोलला नाही. ट्रॉलरवालाही शेजारच्या ट्रॉलरकडे बोट दाखवत असेल. चोवीस मोठे मासे, फुगून मेलेले, बोटीवर आले आणि ते कोणीही धरले नाहीत.

१५ ऑगस्ट, गुरुवार

मंडळाचं झेंडावंदन. गेलो नाही. खिडकी उघडली की अजून वास येतो, किंवा येतो असं वाटतं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

काकूंचा फोन. "झालं का?"

"होतं आहे."

"होत नाही आहे. माझ्या बॅगा भरून झाल्या."

मग म्हणाल्या, "त्या बोटवाल्याचं वाईट वाटतं मला. माणूस चांगला होता. जिना उतरताना हात दिला त्यानं. पण त्याला खोटा कागद देऊन आपण त्याचं भलं करतो आहे, असं समजू नका. तो आपल्याकडं बघत होता, शशीभाऊ. मी पाहिलं. तुम्ही कागदात बघत होता."

१७ ऑगस्ट, शनिवार

पाठवलं. डेन्झिलला, आणि तक्त्यावर ज्यांचा पत्ता होता त्यांना. एवढंच:

तीन ऑगस्टचा मॉर्वेनाचा तक्ता मी लिहिला. तो खोटा आहे. रॉड सहा होते. सहा जणांचे तीस. लीलावतीबाईंचा एक. मीनल आणि अक्षरा यांचा एकही नाही. उरलेले चोवीस धरल्याचं कोणी कबूल करत नाही. ते माझ्या नावावर घाला. स्किपरने पाचावर थांबायला सांगितलं होतं. आम्ही थांबलो नाही.

अकरा नावांपैकी एक मी होतो. अकराव्याचा पत्रात उल्लेख कसा नाही, असा प्रश्न आला तर – मंडळाच्या खजिनदाराचे वडील दिवसभर खाली केबिनमध्ये झोपले होते. त्यांच्या नावापुढेही पाच लिहिले होते मी. तेही त्या चोवीसात.

पाठवल्यावर बरं वाटलं नाही. एका माणसाची बोट मी दोनदा बुडवली. एकदा खोट्याने, एकदा खऱ्याने.

काकूंना फोन करून वाचून दाखवलं.

"एक लिहिला न?"

"लिहिला."

"बरं." आणि मग, "चोवीस जास्त होतात हो तुम्हाला."

१८ ऑगस्ट, रविवार

सकाळी आठला डेन्झिलचं उत्तर. त्याने स्वतःचा तक्ता चार तारखेलाच पाठवला होता. सहा रॉड, पंचावन्न मासे, दोष स्किपरचा, इंजिन बाराला सुरू करायला हवं होतं. माझा कागद अजून त्याच्या खिशातच. बैठकीत बोलणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव सहा तारखेला वगळलं गेलं. मॉर्वेना काल विकली गेली.

फ्रीजरमधला, माझ्या नावावरचा, एक मासा खायला काढून सिंकमध्ये ठेवला. वितळायला संध्याकाळ होईल.